ग्रेनेडाचं कवचासकट जायफळ: श्रीखंडाला जरूर घ्या, मसाल्याला नको

पुण्यात कॅम्पात बेकरीचं आणि परदेशी स्वयंपाकाचं सामान ठेवणारं एक दुकान आहे. तिथे व्हॅनिलाच्या शेंगांशेजारी हल्ली ग्रेनेडाचं, म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या एका चिमुकल्या देशाचं, जायफळ दिसायला लागलंय. कवचासकट, पुठ्ठ्याच्या डबीत, १०० ग्रॅमला ६५० रुपये. जायपत्रीची पुडी वेगळी, २५ ग्रॅमला ४०० रुपये. रविवार पेठेतल्या भावाच्या मानाने हे फारच महाग, आणि त्यात कवचाचंही वजन आपणच भरायचं. मी घरून ऑर्डरी घेते. पाडव्याला आणि दसऱ्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळ्या, एरवी बासुंदी. जायफळ सतत हाताखालून जातं. म्हणून ही डबी सगळ्या पदार्थांत वापरून पाहिली. काही पदार्थांसाठी हे पैसे अगदी वाजवी आहेत, काहींसाठी अजिबात नाहीत.

आधी कवचाचं सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. वाण्याकडून आपल्याला मिळतं ते बहुतेक वेळा सोललेलं जायफळ, कधी अंगावर चुन्याची पांढरी पूड असलेलं. कीड लागू नये म्हणून चुना लावायची पद्धत फार जुनी. पण सोललेल्या, चुना लावलेल्या जायफळाचं वय कळत नाही. वरून टणक दिसतं आणि किसायला घ्यावं तर आतून भुसा निघतो. डबीतलं हे जायफळ तपकिरी, चकचकीत कवचात येतं. कवचावर बारीक खाचा असतात, जायपत्री घट्ट बिलगून बसलेली असते त्याच्या त्या खुणा. कानाशी धरून हलवलं की आतली बी खुळखुळते. खुळखुळली की नीट वाळलंय असं समजायचं. फोडायला मी अडकित्ता घेते, धारेवर न धरता पात्यांच्या मुळाशी धरून हलकेच दाबते. बत्त्याचा घाव बसला तर कवचाबरोबर बीही दुभंगते.

फोडलेलं एक जायफळ आडवं कापून पाहा. फिकट गरात तपकिरी शिरा नागमोडी फिरलेल्या दिसतात. तेल त्या शिरांमध्ये असतं. नखाने दाबलं की नखाला चमक यायला हवी. या डबीतल्या जायफळांना ती आली, किडकं एकही निघालं नाही. सोलल्यावर वजन साधारण पाऊण भागापर्यंत उतरतं, तेवढं हिशेबात धरा.

आता श्रीखंड. एकाच चक्क्याचे दोन भाग केले, साखर तीच, वेलची तीच, दोन्ही पुरणयंत्रातून काढलेले. एकात माझं नेहमीचं केरळचं जायफळ किसलं, दुसऱ्यात हे. केरळच्या जायफळाचा वास आधी नाकाला लागतो, तिखटसर, थोडा कापराच्या अंगाने जाणारा. ग्रेनेडाचा उशिरा येतो. आधी चक्क्याचा आंबटपणा, मग वेलची, आणि घास गिळून झाल्यावर मागे एक गोडसर, लाकडी वास जिभेवर रेंगाळतो. रात्रभर मुरल्यावर तर फरक आणखी स्पष्ट झाला. केरळच्या जायफळाने वेलचीला दाबलं होतं, ग्रेनेडाच्याने तिला जागा दिली होती. घरात सगळ्यांना दुसरं आवडलं, सासूबाईंनाही, आणि त्या जायफळाच्या बाबतीत फार चोखंदळ आहेत. हा फरक मनाचा खेळ नव्हे. वेस्ट इंडीजच्या जायफळाच्या तेलात मायरिस्टिसिन आणि सॅफ्रॉल ही द्रव्यं पूर्वेकडच्या मालापेक्षा कमी असतात, म्हणून मसाल्याच्या व्यापारात तो माल सौम्य समजतात. श्रीखंडाला हा सौम्यपणा फार मानवतो.

कॉफीलाही. ज्या घरात अजून दुधाच्या कॉफीवर जायफळ किसतात त्यांनी एकदा तरी हे वापरून बघावं. खुद्द ग्रेनेडात रम पंचवर ताजं जायफळ किसून घालतात, आणि सकाळी कोकोचे गोळे उकळून केलेल्या पेयात ते पडतं.

डबीत घडी घातलेलं एक पत्रक आहे, आणि त्याबद्दल मला बरंच बोलायचंय. माल विकणाऱ्याने तो कुठून आला हे सांगावं असं मला फार वाटतं, आणि इथे कोणीतरी सुरुवात तरी केली आहे. पत्रकात बेटाचा नकाशा आहे, झेंडा आहे, राजधानी सेंट जॉर्जेस, क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, भाषा इंग्रजी, चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. म्हणजे आख्खा देश पुणे महापालिकेच्या हद्दीहून लहान, आणि लोकवस्ती लाख-सव्वा लाख, जी कोथरूडात सहज मावेल. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर हे बेट आहे, सोबत कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन धाकटी बेटं. सगळी भूमी ज्वालामुखीची. सर्वांत उंच डोंगर माउंट सेंट कॅथरिन ८४० मीटर, समुद्रसपाटीपासून मोजलं तर आपल्या सिंहगडाहून बराच ठेंगणा. पण तो समुद्रातून थेट वर चढतो, ढग अडवतो, आणि आतल्या भागात भरपूर पाऊस पाडतो. उबदार दमट हवा, निचऱ्याची सुपीक माती, थोडी सावली. जायफळाला आणखी काय हवं? झेंड्यावर डावीकडच्या हिरव्या त्रिकोणात उकललेलं जायफळच आहे, ७ फेब्रुवारी १९७४ ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासून.

पत्रक इथवर बरं आहे. पुढे मात्र ते पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यांवर घसरतं आणि जायफळ तिथे आलं कसं, आज ते महाग का, यावर अवाक्षर काढत नाही. आणि ६५० रुपयांचं कारण नेमकं तिथेच आहे.

जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. डचांनी त्या बेटांवर एकाधिकार गाजवला, त्यासाठी रक्तपात केला. नेपोलियनच्या लढायांच्या काळात बांदा काही वर्षं इंग्रजांच्या ताब्यात आली आणि त्यांनी रोपं उचलून आपल्या इतर वसाहतींत लावली. ग्रेनेडात जायफळ आलं ते १८४३ साली असं तिथे मानतात. वेळ अशी की गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली होती, १८३८ पर्यंत मजूर पुरते मोकळे झाले होते, उसाचे मळे मोडकळीला आले होते. मळेवाल्यांनी मजूर आणायला आपल्याकडे मोर्चा वळवला. १ मे १८५७ ला कलकत्त्याहून निघालेलं 'मेडस्टोन' जहाज ग्रेनेडाला लागलं, मेरठला ठिणगी पडायच्या नऊ दिवस आधी. पुढच्या काही दशकांत सुमारे ३,२०० भारतीय करारावर तिथे गेले. ऊस पुढे मागे पडला आणि डोंगरउतारांवर कोको, केळी आणि जायफळ वाढलं, बरंचसं लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर.

माझी भाची तिथल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात डॉक्टरकी शिकली. १९७६ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आणि पर्यटन, देशाचं पोट आज मुख्यतः या दोघांवर चालतं. याच विद्यापीठातल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं कारण पुढे करून २५ ऑक्टोबर १९८३ ला अमेरिकेने बेटावर सैन्य उतरवलं होतं. त्याआधी सहाच दिवस पंतप्रधान मॉरिस बिशप यांना त्यांच्याच पक्षातल्या विरोधी गटाच्या बाजूच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या होत्या. आज विमानतळाला त्यांचं नाव आहे. एवढ्याशा देशाने हे सोसलंय, आणि पत्रकात त्याची एक ओळ नाही, याचं मला वाईट वाटतं.

भाची पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्वाव गावी जायफळाचं केंद्र बघायला गेली होती. तिने जे सांगितलं ते ऐकल्यापासून मी जायफळ वेगळ्या नजरेने बघते. "मावशी, इमारतीत शिरायच्या आधीच वास येतो," म्हणाली. समुद्राकाठी लाकडी जुनी इमारत, माळ्यावर लांबच लांब फळ्यांवर जायफळं पसरलेली. उन्हात वाळवत नाहीत, सावलीत हवेवर आठवडेच्या आठवडे ठेवतात, फावड्यांनी वरखाली करतात. मग कवच फोडायचं, आणि बिया पाण्यात टाकायच्या. तळाशी बसलेली भरीव, ती स्वयंपाकासाठी. तरंगणारी हलकी, ती तेल काढायला. पुढे बायका ओळीने बसून हाताने प्रतवारी करतात, आणि गोणपाटाच्या पोत्यांवर छाप मारून माल निघतो. कवचाचे तुकडेही फुकट जात नाहीत, बागेतल्या वाटांवर पसरतात.

ही केंद्रं चालवते ती शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९४७ साली सुरू झालेली. शेतकरी माल घालतो, त्याला पहिली उचल मिळते, आणि विक्रीनंतर उरलेल्यातून वाटा. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको. आपला प्रवरानगरचा कारखानाही त्याच सुमाराचा.

इंडोनेशियाच्या खालोखाल जगात जायफळ पिकवणारा देश अशी या बेटाची ओळख होती. ७ सप्टेंबर २००४ ला इव्हान चक्रीवादळ आलं. ३९ माणसं गेली, जवळपास नव्वद टक्के घरांची पडझड झाली, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त नुकसान झालं. आणि जायफळाची झाडं, मुळं उथळ असलेली, डोंगरच्या डोंगर आडवी झाली. पुढच्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, एमिली आलं.

जायफळाचं झाड लावल्यावर पहिलं फळ धरायला पाच ते आठ वर्षं लागतात, पूर्ण भरात यायला पंधरा-वीस. त्यात रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. इतकी वर्षं खतपाणी घालायचं आणि फुलल्यावर समजायचं की झाड नर आहे, फळ धरणारच नाही. साठीतल्या शेतकऱ्याने आडव्या झालेल्या बागेत पुन्हा रोप लावायचं ते कोणासाठी? बऱ्याच जणांनी नाहीच लावलं. ज्यांनी लावलं त्यांच्या झाडांचा माल आता बाजारात येतोय. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक जवळजवळ सपाट केली, मोठ्या बेटाच्या उत्तर भागालाही झोडपलं. एवढं सगळं होऊन भरीव, तेलकट, न किडलेलं जायफळ कॅम्पातल्या फळीवर पोचत असेल तर मी भाव घासत बसणार नाही.

आता जायपत्री, आणि इथे जरा सावध करते. आपण लालसर, झणझणीत वासाची जायपत्री चांगली मानतो. या पुडीतली फिकट, पिवळट नारिंगी आहे. जुनी म्हणून परत करू नका. ग्रेनेडात जायपत्री काढल्यावर महिनोन्‌महिने अंधारात मुरवतात, त्यात लाल रंग उतरून हा रंग येतो. वास मंद आहे. बासुंदीचं दूध आटत असताना एक पाकळी टाकली आणि उतरवताना काढून घेतली, दुधाला फार सुरेख वास आला. पण आमच्या घरच्या गोड्या मसाल्यात घातली तेव्हा दगडफूल, लवंग आणि तळलेल्या खोबऱ्यापुढे तिचं काहीच चाललं नाही. मसाल्याला आपली नेहमीचीच जायपत्री घ्या. ही ४०० ची पुडी मी पुन्हा घेणार नाही, जायफळ घेईन.

पुरणपोळीचंही तेच. गूळ आणि हरभऱ्याची डाळ दोन्ही जोरकस. शिजलेल्या पुरणात, गॅस बंद केल्यावर किसूनसुद्धा ग्रेनेडाचं जायफळ कमी पडलं. जास्त घालून भरपाई करायला जाऊ नका, जायफळ प्रमाणाबाहेर गेलं की अंगावर येतं, छातीत धडधड आणि भास होण्यापर्यंत मजल जाते. बाळगुटीत उगाळणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. पुरणाला केरळचं किंवा कोकणातलं तिखट जायफळच शोभतं.

कोकणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जायफळाच्या जाती दिल्या आहेत आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांत ही झाडं आता चांगली दिसतात. फळाच्या गराचं लोणचं आणि सरबतही होतं, ग्रेनेडात त्याच गराचा जॅम आणि पाक करतात. बागायतदारांनी आपलं जायफळ असंच कवचात, प्रतवारी करून, गावाचं नाव आणि मोसम लिहून विकलं तर मी पहिली गिऱ्हाईक होईन. भीमथडी जत्रेत कोकणातल्या बचत गटांकडे मी दर खेपेला हेच मागते. दोन्हीकडे, म्हणजे तिथे आणि आपल्या किनाऱ्यावर, इतकं सारखं पिकतं की नवल वाटतं. भाचीने तिथला राष्ट्रीय पदार्थ सांगितला, ऑइल डाउन. नीरफणस, अळूसारखी पानं, कच्ची केळी, हळद आणि खारवलेलं मांस किंवा मासे, सगळं नारळाच्या दुधात मंद आचेवर, दूध आटून तळाशी तेल सुटेपर्यंत. मांस वगळलं तर मालवणच्या माणसाच्या परसातलं सगळं त्यात आलं.

पत्रकात खेळाडूंची नावं असती तर पुण्यातल्या मुलांनी ते पत्रक जपून ठेवलं असतं. ४०० मीटरमध्ये २०१२ ला लंडनमध्ये सोनं जिंकणारा किरानी जेम्स त्याच ग्वाव गावचा, आणि ते देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक. भाल्यातला अँडरसन पीटर्स तर आपल्या ओळखीचा आहे. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत त्याने ९०.५४ मीटर फेकून सोनं नेलं, नीरज चोप्रा दुसरा आला. पॅरिसला नीरजला रुपं मिळालं आणि पीटर्सला कांस्य. एवढ्या चिमुकल्या देशाचा हा पराक्रम!

मालात दोन उणिवा आहेत आणि दोन्ही दुकानदाराच्या कानावर घातल्या आहेत. डबीवर 'यापूर्वी वापरावे' अशी तारीख आहे पण पीक कोणत्या वर्षीचं ते लिहिलेलं नाही. साडेसहाशे मोजणाऱ्याला ते कळायला हवं. दुसरं, आकार एकसारखे नाहीत. एका डबीत मोठी सुपारीएवढी निघाली, दुसरीत बारकीही बरीच होती. चवीत फरक नाही, पण किसणीवर बोटं सांभाळावी लागतात. त्याच फळीवर तयार पूडही ठेवली आहे, ती घेऊ नका. जायफळाचा वास उडून जायला पुडीइतकी सोपी वाट दुसरी नाही.

घरी आणल्यावर कवचासकट काचेच्या बरणीत, कोरड्या जागी ठेवा, फ्रीजमध्ये नको. लागेल तेव्हा एकच फोडा, उरलेला तुकडा लहान डबीत घट्ट झाकणाखाली. किलोभर चक्क्याला मी अर्ध्याहून कमी जायफळ किसते, म्हणजे घरगुती श्रीखंडाला एक डबी वर्षभर पुरावी. दुकानात माल थोडाच येतो आणि सणाआधी संपतो, तेव्हा दसऱ्यासाठी हवं असेल तर फोन करून बाजूला काढून ठेवायला सांगा.